कला शाखेच्या प्रात्यक्षिकाचे तास वेळापत्रकात हवेत

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या सत्राच्या अखेरीस उपनगरातील एका महाविद्यालयाने कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या फील्ड प्रोजेक्टची, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायच्या प्रकल्पाची, तोंडी परीक्षा घेण्यासाठी मला बाहेरची परीक्षक म्हणून बोलावले होते. मुंबईतच तीस वर्षे पदवीच्या वर्गांना इतिहास शिकवून मी निवृत्त झाले आहे, त्यामुळे फायलींचे गठ्ठे मला नवे नाहीत. त्या दिवशीच्या गठ्ठ्यात अकरा फायली कान्हेरीच्या लेण्यांवरच्या होत्या. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील चैत्यगृहाचे, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाचे, छायाचित्र अकराही फायलींत एकच होते आणि त्यात एका खांबाला टेकून लाल टोपी घातलेले कोणी गृहस्थ उभे होते. हे कोण, असे पहिल्या मुलाला विचारले तेव्हा त्याने "आमचे सर" असे सांगितले; दुसऱ्या मुलीने त्यांना गाइड ठरवले; तिसरा मुलगा मात्र प्रामाणिक निघाला आणि "माहीत नाही मॅडम, ते फोटोबरोबरच आले," असे म्हणाला. भेटीची तारीखही सर्वांनी एकच लिहिली होती. मोबाइलवर दिनदर्शिका उघडून पाहिली तर तो सोमवार होता, आणि ही लेणी ज्याच्या पोटात आहेत ते बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते.

ही गोष्ट मी त्या तिसऱ्या मुलापाशी काढली तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने सांगितले ते असे. तो टिटवाळ्याहून येतो. सकाळी सातचे कॉलेज आटोपून दुपारपासून रात्री नऊपर्यंत एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. दुकानाला सुट्टी सोमवारची. म्हणून एका सोमवारी तो दादरला गाडी बदलून बोरिवलीला गेला, उद्यानाच्या फाटकावरची पाटी वाचली आणि परत आला. म्हणजे अकरा जणांपैकी एक जण फाटकापर्यंत तरी खरोखर पोहोचला होता. उरलेल्या दहांनी त्याची तारीख उतरवून घेतली होती.

मी अकराही जणांना उत्तीर्ण केले. माझ्या हाती दिलेल्या गुणदानाच्या तक्त्यात मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, उद्दिष्टे, निष्कर्ष आणि संदर्भसूची यांना गुण होते, आणि विद्यार्थी त्या ठिकाणी गेला होता काय, हा रकाना त्यात नव्हता. तक्त्याप्रमाणे पाहिले तर त्या फायली चोख होत्या. त्यांची बांधणीही चांगली होती, कारण स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत सोनेरी अक्षरांची 'ब्लॅक बुके' बांधून देण्याचा धंदा आता चांगलाच बसला आहे.

हे पत्र त्या मुलांविरुद्ध तक्रार करण्यासाठी लिहिलेले नाही. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की कला शाखा घेऊन पुढे काय करणार, या प्रश्नावर घरोघरी आणि वर्तमानपत्रांतूनही चर्चा होते. त्या चर्चेत नोकरीचा विचार होतो, शुल्काचा होतो, रिकाम्या जागांचाही होतो. पण कला शाखेचा विद्यार्थी ती तीन-चार वर्षे नेमके काय करत असतो, याकडे सहसा कोणी पाहत नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनुमापन करायचे असेल तर महाविद्यालय त्याला खोली देते, ब्युरेट देते, प्रयोगशाळा सहायक देते आणि वेळापत्रकात तास देते. "रविवारी सवड काढून कुठेतरी अनुमापन करून या आणि फाइल आणून द्या," असे त्याला कोणी सांगत नाही. इतिहास, मराठी, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांच्या विद्यार्थ्याला मात्र आपण नेमके तेच सांगतो. माझे म्हणणे एवढेच आहे की, कला शाखेच्या प्रात्यक्षिकाचे तास महाविद्यालयाच्या वेळापत्रकात आले पाहिजेत आणि ते या शहरात घेतले गेले पाहिजेत.

कागदावर याची सोय झालेली आहे, म्हणूनच हे लिहिण्याला अर्थ आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेली पदवीची रचना २०२४-२५ पासून मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतही लागू झाली. तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक (क्रेडिट) आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १७६ श्रेयांक, असा हा हिशेब आहे. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, खुली निवड, कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली अशी बरीच मोठी यादी त्यात असून फील्ड प्रोजेक्ट आणि कार्यप्रशिक्षण (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकणे) हे दोन घटकही आहेत. वर्गातील अध्यापनाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक, आणि प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक, हे त्यामागचे साधे गणित आहे. त्यामुळे दोन श्रेयांकांचा फील्ड प्रोजेक्ट म्हणजे साठ तासांचे काम होते. साठ तास हे काही थोडके नाहीत. रोज चार तास धरले तर पंधरा दिवस होतात. हे साठ तास विद्यार्थ्याने कधी आणि कुठे घालवायचे, कोणाबरोबर घालवायचे, याचे उत्तर बहुतेक महाविद्यालयांच्या वेळापत्रकात सापडत नाही, आणि उत्तर नसले की त्या जागी फाइल येते.

त्या टिटवाळ्याच्या मुलाला वाटेत कल्याण लागते. तो मंगळवारी किंवा बुधवारी शिक्षकांबरोबर कान्हेरीला गेला असता तर त्याला काय दिसले असते, याचा विचार मी त्या दिवशी घरी येताना करत होते. काळ्या कातळात कोरलेली शंभराहून अधिक लेणी, चैत्यगृहाच्या व्हरांड्यातील बुद्धाच्या दोन उंच मूर्ती, हे तर इंटरनेटवरच्या छायाचित्रातही दिसते. पण लेण्यांच्या तोंडाशी कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या, पावसाचे पाणी त्यांत नेणाऱ्या कोरीव पन्हळी, आणि टाकीच्या वरच्या बाजूला ब्राह्मी लिपीत कोरलेला दात्याचा लेख या तीन गोष्टी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. त्या लेखांत टाकीला 'पोढी' म्हटले आहे. दान देणाऱ्यांत राजघराण्यातली माणसे थोडी आणि व्यापारी, कारागीर फार. आणि त्यांतले कित्येक आपण कल्याणचे, सोपाऱ्याचे असल्याचे सांगतात. कल्याणच्या एका सोनाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीला पैसे दिले आणि आपले नाव, धंदा व गाव दगडावर लिहून ठेवले, हे रोज कल्याणवरून गाडीने जाणाऱ्या मुलाने त्या दगडापुढे उभे राहून वाचले असते, तर 'प्राचीन भारतातील व्यापारी श्रेणी', म्हणजे व्यापारी-कारागिरांचे संघ, या प्रकरणाचे त्याच्यापुरते काय झाले असते? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तिथे काम आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी दिलेल्या 'अक्षयनीवी'चे लेख कान्हेरीत आहेत. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून खर्च भागवायचा, अशी ती कायम ठेव होती. वर्गात फळ्यावर हा शब्द लिहिला की मुले तो पाठ करतात. तिथे तो दाखवला की व्याज कोण देत असेल, दर काय असेल आणि ठेव बुडाली तर काय, असे प्रश्न विचारतात. हे मी अनुभवाने सांगते, कारण निवृत्त होईपर्यंत मी दर वर्षी स्वतःच्या हिकमतीवर एक गट नेत असे. दर वर्षी परवानगीच्या अर्जावर 'सहलीमुळे तासांचे नुकसान होऊ नये' असा शेरा मिळत असे. आमच्या दप्तरी त्याला सहलच म्हणत.

कला शाखेला प्रात्यक्षिक हे काही नवे खूळ नाही. भूगोल आणि मानसशास्त्र हे विषय कला शाखेतच शिकवले जातात आणि दोहोंना प्रात्यक्षिके आहेत. त्यांच्यासाठी मुलांचे लहान गट पाडले जातात, त्या तासांचा कार्यभार शिक्षकांच्या खात्यावर मोजला जातो, जर्नल तपासले जाते आणि परीक्षा प्रत्यक्ष काम पाहून होते. मानसशास्त्राला हे लागू आहे आणि समाजशास्त्राला नाही, भूगोलाला आहे आणि इतिहासाला नाही, याला परंपरेखेरीज दुसरे कारण मला तरी सापडलेले नाही.

आता थोडे आमच्या शहराविषयी. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १८ जुलै १८५७ रोजी, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. गिरणी आणि विद्यापीठ ही या शहराची पाठोपाठची भावंडे. विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांत न्यायमूर्ती रानडे होते, हे आपण अभिमानाने सांगतो. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि ज्यांच्या आईचे नाव त्याला मिळाले, त्या प्रेमचंद रायचंद यांची संपत्ती अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेल्या तेजीतून वाढली होती. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. तेथून चालत निघाले तर काही मिनिटांत काळा घोडा येतो. तिथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह, आहे, ज्याची सुरुवात १८२१ मध्ये झाली. आणखी थोडे चालले की टाउन हॉलच्या पायऱ्या आणि १८०४ पासून चालत आलेली एशियाटिक सोसायटी. विद्यापीठाची इमारत ज्या वास्तुसमूहात आहे तो २०१८ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. एवढे सगळे अर्ध्या तासाच्या पायपिटीत येते, आणि तरीही विद्यापीठ म्हटले की जो टॉवर आपल्या डोळ्यांपुढे येतो, तो जवळून कधीच न पाहता पदवीधर झालेली मुले माझ्या प्रत्येक वर्गात होती. कारण अगदी साधे आहे. विद्यार्थ्याचा सवलतीचा रेल्वे पास घराजवळचे स्टेशन ते कॉलेजचे स्टेशन एवढ्यापुरताच असतो. बदलापूरहून मुलुंडपर्यंत पास असलेल्या मुलीला चर्चगेट किंवा सीएसएमटी गाठायचे तर पुढचे तिकीट काढावे लागते, आणि ते दहा वेळा काढायचे म्हटले की घरी विचारावे लागते.

अर्थात प्रत्येक वेळी शहरात जाण्याची गरज असतेच असे नाही. कधीकधी सामग्री विद्यार्थ्याच्या घरातच असते. माझ्या वर्गात चिंचपोकळीची एक मुलगी होती. बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गिरणगावावर प्रकल्प करायचा होता आणि तिने घरातून तिच्या आजीच्या खानावळीची चोपडी आणली. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, कडा उंदरांनी खाल्लेल्या. आजी चाळीतल्या एका खोलीत चौदा गिरणी कामगारांना जेवू घालत असे. बायकामुले गावी ठेवून आलेले हे लोक, काही कोकणातले, काही साताऱ्याकडचे. चोपडीत प्रत्येकाला एक पान. वर नाव, गाव आणि गिरणी. खाली महिना, खाडे, जमा आणि बाकी असे रकाने. मुलीने आधी सगळी पाने नुसती उतरवून काढली आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, जानेवारीनंतर जमेचा रकाना सगळ्यांचाच रिकामा होत जातो." ते वर्ष १९८२ होते. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, हे तिला पुस्तकातून ठाऊक होते. पण पगार थांबल्यावरही चौदा माणसे जेवत होती आणि बाकी वाढत होती, हे पुस्तकात कुठे लिहिलेले नव्हते. मार्चपासून एकेका पानावर 'गावी गेला' अशी नोंद येऊ लागते. गणपतीपर्यंत पाच पाने, दिवाळीपर्यंत नऊ. एका पानावर 'पितळी हंडा ठेवला' असे आहे आणि त्याच पानावर, पुष्कळ खाली, वेगळ्या शाईत, 'हंडा परत'. बाकी मात्र खोडलेली नाही.

मी तिला विचारले की हे अक्षर कोणाचे, कारण आजीला लिहिता येत नव्हते, हे तिनेच सांगितले होते. ती घरी जाऊन विचारून आली. अक्षर तिच्या वडिलांचे निघाले. ते तेव्हा सातवीत होते आणि रोज रात्री आई सांगेल तसे लिहीत. मग तिच्या आपोआपच लक्षात आले की ही नोंद मुलाने लिहिलेली, आईने सांगितलेली आणि देणेकऱ्याने कधीच न तपासलेली आहे, आणि म्हणून तिच्यावर कितपत विसंबायचे, हा प्रश्न आहे. इतिहासाच्या साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच. तिच्यावर मी वर्षानुवर्षे व्याख्याने दिली होती आणि ती किती जणांना कळली होती, कोण जाणे. या मुलीला ती एका संध्याकाळी कळली.

पुढचे मात्र सांगायला हवे. सत्राच्या लेखी परीक्षेत गिरणी संपावर प्रश्न आला. उत्तरपत्रिका माझ्याकडेच होत्या आणि तिचे अक्षर मी ओळखत होते. तिने गाइडमधले सहा मुद्दे लिहिले होते, आकडे घालून, अधोरेखित करून. चोपडीचा त्यात उल्लेखही नव्हता. नंतर भेटली तेव्हा मी कारण विचारले. "तुमच्याकडे पेपर येईल हे मला काय माहीत? दुसऱ्या कोणी तपासला असता तर त्याला खानावळ कशी पटली असती?" असे ती म्हणाली. तिचा हिशेब बरोबर होता. आपण परीक्षा अशी घेतो की शहाण्या विद्यार्थ्याने स्वतः शोधलेली गोष्ट झाकून ठेवावी.

अशा चोपड्या आता किती उरल्या असतील, सांगता येत नाही. घर बदलताना सर्वांत आधी कागद रद्दीत जातात, आणि मध्य मुंबईत सध्या घरे फार वेगाने बदलत आहेत. १९२० नंतरच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, ज्यांना आपण बीडीडी चाळी म्हणतो, त्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती होत्या. त्यांतल्या शिवडीखेरीज तीनही वसाहतींत पुनर्विकासाचे काम सुरू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीतून उंच इमारतीत जाणाऱ्या कुटुंबांचे मी मनापासून अभिनंदन करते. शंभर वर्षांची चाळ जपून ठेवा, असे म्हणण्याचा अधिकार तिथे न राहणाऱ्या माणसाला नाही. पण खोली रिकामी करण्याच्या आधीच्या आठवड्यात समाजशास्त्राच्या वीस मुलांनी वही घेऊन त्या मजल्यावर जावे, कोणत्या खोलीत कोणत्या गावचे लोक राहिले, सामाईक नळावरचे नियम कोणी ठरवले, गणपतीची वर्गणी कशी मोजली, हे विचारून लिहून ठेवावे, यात कोणाचे काय बिघडणार आहे? हे काम दहा वर्षांनी करता येणार नाही. आणि त्यातली कितीतरी मुले स्वतःच त्या चाळींतली आहेत.

कौशल्याच्या अभ्यासक्रमांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कला शाखेच्या मुलांना 'कौशल्य' म्हणून बऱ्याच ठिकाणी जे शिकवले जाते ते संगणकावर तक्ते करणे आणि इंग्रजी संभाषण एवढेच असते. ते वाईट नाही, पण त्यासाठी कला शाखा कशाला हवी? मोडी, म्हणजे मराठी लिहिण्याची जुनी जोडाक्षरी वळणाची लिपी, वाचता येणे हे कला शाखेचे स्वतःचे कौशल्य आहे. जुने जमिनीचे कागद, गहाणखते, जन्म-मृत्यूच्या नोंदी यांचा मोठा साठा मोडीत आहे. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून जुन्या कागदांतील कुणबी नोंदी शोधण्याचे काम राज्यभर सुरू झाले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणाऱ्या माणसांचा शोध घ्यावा लागला आणि ती पुरेशी मिळेनात. तेव्हा कला शाखेला बाजारात मागणी नाही, असे कोणी म्हटले नाही. मागणी होती, माणसे आपण तयार केली नव्हती. दोन श्रेयांकांचा मोडीचा अभ्यासक्रम आणि त्याला जोडून पुराभिलेखागारात कार्यप्रशिक्षण, एवढे प्रत्येक महाविद्यालयाला नाही तरी चार-पाच शेजारच्या महाविद्यालयांना मिळून सहज करता येईल.

यावर शिक्षकांकडून येणारी हरकत मला ठाऊक आहे, कारण सेवेत असताना मीही ती घेतली असती. एका तुकडीत शंभर-सव्वाशे मुले. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि त्यांच्या ठिकाणी तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण शिक्षक सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात धावत असतात. त्यांना तासाचे पैसे मिळतात, आणि तेही वेळेवर मिळतीलच असे नाही. अशा शिक्षकाला "मुलांना घेऊन दिवसभर काळा घोड्याला जा" असे सांगणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे आहे. म्हणूनच मी उत्साही शिक्षकांनी पुढाकार घ्यावा वगैरे म्हणत नाही. उत्साही शिक्षक पुढाकार घेतच असतात आणि थकत असतात. फील्ड प्रोजेक्टचे साठ तास हे भूगोलाच्या प्रात्यक्षिकाप्रमाणे वीस-वीस मुलांच्या गटाचा कार्यभार म्हणून मोजले जावेत आणि त्यांचे मानधन तासिका तत्त्वावरील शिक्षकांनाही मिळावे, अशी माझी विद्यापीठाला आणि उच्च शिक्षण विभागाला विनंती आहे. यासाठी पैसे लागतील हे उघड आहे. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेला लागतात त्याहून ते पुष्कळ कमी असतील, कारण आमच्या प्रयोगशाळेचे बांधकाम इतरांनी आधीच करून ठेवले आहे.

वेळापत्रकात आठवड्याचा एक दिवस सलग मोकळा ठेवला, त्या दिवशी वर्गातले तास ठेवलेच नाहीत, तर निम्मी अडचण सुटेल. नोकरी करणाऱ्या मुलांना तो दिवस सत्राच्या सुरुवातीलाच कळला तर मालकाशी बोलता येईल. पुराभिलेखागार आणि तत्सम संस्था सरकारी कचेरीच्या वेळेत चालतात. महिन्यातून दोन शनिवार या संस्था विद्यार्थ्यांसाठी उघड्या राहिल्या तर रांगा लागतील असा माझा दावा नाही, पण वीस मुले नक्की येतील. रेल्वेने महाविद्यालयाच्या पत्रावर त्या दिवसापुरती सवलत द्यावी, ही मागणी विद्यापीठाने केली तर तिला वजन येईल. आणि तोंडी परीक्षा कॉलेजच्या खोलीत फायलींच्या गठ्ठ्यापुढे न घेता शक्य तिथे जागेवरच घ्यावी. लेण्यापुढे उभे राहून मुलाला दोन प्रश्न विचारले की तो पूर्वी तिथे आला होता की नाही, हे परीक्षकाला कळते. त्यासाठी प्रमाणपत्राची गरज पडत नाही.

हे होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. माझ्या ओळखीतले इतिहास, मराठी आणि समाजशास्त्राचे सहा निवृत्त शिक्षक मुलुंड ते डोंबिवली या पट्ट्यात राहतात आणि त्यांतल्या चौघांनी मोबदल्याशिवाय गट नेण्याची तयारी दाखवली आहे. मला मोडी वाचता येते आणि शिकवता येते. मंगळवार आणि गुरुवार हे माझे दोन्ही दिवस मोकळे असतात. त्या टिटवाळ्याच्या मुलाशी माझे बोलणे झाले आहे. दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी दुकानातून रजा मिळाली तर तो येणार आहे, आणि लाल टोपीवाले गृहस्थ ज्या खांबाला टेकून उभे होते, तो खांब आम्ही आधी शोधणार आहोत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास-प्राध्यापिका
मुलुंड (पूर्व), मुंबई